पावसाळा लागला की सीपॅपच्या नळीत पाणी साठतं: तीन पावसाळे घालवल्यावर मला सापडलेलं कारण आणि उपाय

रात्रीचे पावणेतीन-तीन वाजलेले असतात. कानाजवळ गुळगुळ गुळगुळ सुरू होतं, नळाला पाणी यायच्या आधी पाईप कसा आवाज करतो अगदी तसं, आणि कूस बदलली की गार पाण्याचा थेंब सरळ नाकात. ठसका लागतो, मास्क ओढून काढायचा, उठून बसायचं, नळी झटकायची, परत लावायचा, आणि अर्ध्या तासाने परत तेच. शेवटी वैतागून मास्क उशीपाशी ठेवून तसंच झोपायचं आणि सकाळी डोकं जड. स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास परत परत थांबतो त्या आजारासाठी, सीपॅप (नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावणाऱ्या ज्या कोणाला जून ते सप्टेंबर हा त्रास होतो, गोव्यात काय किंवा वर सिंधुदुर्गात काय, त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला हे एका ठिकाणी सांगणारं कोणी भेटलं नाही आणि त्यात माझे दोन पावसाळे पूर्ण वाया गेले.

आधी माझं थोडक्यात सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. मी डिचोलीची, वय ५३, हायस्कूलात शिकवते. चार वर्षांपूर्वी स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) झाली तेव्हा एएचआय ३४ आला, म्हणजे झोपेत दर तासाला सरासरी ३४ वेळा श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबत होता नाहीतर खूप कमी होत होता. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर असं धरतात. रक्तातला ऑक्सिजन एकदा ७८ टक्क्यांपर्यंत उतरला होता. त्याआधी दोन वर्षं मी लोहाच्या गोळ्या घेत होते, थायरॉइड तीनदा तपासलं, सगळे म्हणत होते पाळी जायचं वय आहे, थकवा येणारच. पण पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲप्नियाचं प्रमाण वाढतं, आणि आपल्या बायकांमध्ये जोरात घोरण्यापेक्षा थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री सारखी जाग अशी लक्षणं जास्त दिसतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, हे मला स्टडीनंतर कळलं. म्हापशाहून येताना अस्नोड्याच्या अलीकडे गाडी चालवता चालवता माझा डोळा लागला आणि ह्यांनी बाजूने स्टिअरिंग धरलं, त्या दिवशी संध्याकाळीच आम्ही डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. बायकांनो, तुम्हाला दिवसा अशी झोप येत असेल तर कृपा करून नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका.

मशीन फेब्रुवारीत आलं. फेब्रुवारी ते मे कसलाच त्रास नाही, आठवड्याभरात सकाळी डोकं हलकं वाटायला लागलं, शाळेत चौथ्या तासाला डोळे मिटायचे ते थांबलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला आणि नळीत पाणी सुरू. मशीन ज्यांनी दिलं त्या माणसाला फोन केला, त्याने विचारलं नाक सुकतं का, मी म्हटलं हो सुकतं, घसाही सुकतो, तर तो म्हणाला मॅडम ह्युमिडिटी वाढवा, म्हणजे मशीन हवेत किती ओलावा घालतं तो आकडा. मी ४ वरून ६ केली, मग ८. तुम्हीच विचार करा काय झालं असेल. रात्री दोनदा उठायचे ती चारदा उठायला लागले, आणि सकाळी नाक परत सुकलेलंच! पाणी नळीत आणि नाक कोरडं, हे एकाच वेळी कसं होतं तेच मला कळेना, आणि सगळा घोळ तिथेच होता, पण ते पुढे सांगते.

त्या पहिल्या पावसाळ्यात मी १७ रात्री मशीन बंद ठेवलं. मोजून १७, कारण मशीन सगळं लिहून ठेवतं. त्या दिवसांत रात्री लघवीला तीन-तीनदा उठणं परत सुरू झालं (श्वास कोंडला की छातीत ताण बदलतो, हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं, त्यामुळे होतं हे), बीपी १५० बाय ९५ वर गेलं, आणि ह्यांनी सांगितलं की तू श्वास थांबवतेस तेव्हा मी आकडे मोजत जागा असतो. ते ऐकून मला खूप वाईट वाटलं. तेव्हा ठरवलं की मशीन सोडायचं नाही, पाण्याचं कारण शोधायचं.

आता कारण. याला रेनआउट म्हणतात. पेजेच्या मडकीवरचं झाकण उचललं की आतल्या बाजूने पाणी टपटप गळतं ना, तसंच आहे हे. मशीनच्या ह्युमिडिफायरमधलं, म्हणजे हवा ओली करणाऱ्या टाकीतलं, पाणी गरम होतं, हवा त्यावरून जाताना वाफ घेऊन निघते, आणि सहा फुटांच्या नळीतून येता येता नळी बाहेरून गार असेल तर ती वाफ आतल्या भिंतीवर पाणी होऊन बसते. गरम हवा जास्त वाफ धरते, गार हवा कमी. ३० अंशाची हवा दर घनमीटरला साधारण ३० ग्राम वाफ धरू शकते, २२ अंशाची फक्त १९ ग्राम. म्हणजे मशीनमधून ३० अंशाची भरलेली हवा निघाली आणि खोलीत एसीमुळे नळी २२ ला आली तर प्रत्येक घनमीटरमागे १० ग्रामच्या वर पाणी कुठेतरी पडणारच. आणि मास्कच्या भोकांतून सतत हवा बाहेर जात असल्यामुळे रात्रभरात कितीतरी घनमीटर हवा नळीतून जाते. मग कपभर पाणी नळीत सापडलं तर नवल नाही.

पण मग उन्हाळ्यात एसी लावूनही असं का होत नव्हतं? मेमध्ये आम्ही एसी २६ वर ठेवायचो. पावसाळ्यात खोली दमट वाटते, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, म्हणून एसी ड्राय मोडवर रात्रभर, आणि आमच्या खोलीत तो पहाटेपर्यंत २२ वर जातो. शिवाय बाहेरची हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यात मी ह्युमिडिटी ८ वर. गोव्यात पावसाळ्यात जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त, अशा हवेत मशीनने आणखी पाणी घालायची गरज किती असते याचा विचारच मी केला नव्हता.

तर आता तुमच्याकडे नक्की काय होतंय ते आधी बघून घ्या, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. रात्री जाग आली की लगेच नळी झटकू नका, लाईट लावा आणि बघा. नळीच्या सगळ्यात खालच्या वळणावर पाणी जमलंय आणि वरच्या भागात बारीक थेंब आहेत, तर तो रेनआउट. नळी कोरडी आहे पण मास्कच्या आत, नाकाच्या बाजूला थेंब आहेत, तर ती तुमच्या श्वासातली वाफ, पंख्याखाली मास्क गार पडतो म्हणून, त्याला चेहऱ्यावर वारा लागू न देणं एवढंच पुरतं. आणि थेंब नाही तर एकदम पाण्याचा लोट आला, कूस बदलताना नळी ओढली गेली तेव्हा, तर टाकीत खुणेच्या वर पाणी भरलंय नाहीतर मशीन कलंडलंय. हे तिसरं वाईट, कारण पाणी उलट दिशेने मशीनच्या पोटातही जाऊ शकतं.

माझा रेनआउट होता. दुसऱ्या पावसाळ्यात मी एक वही केली, शाळेच्या हजेरीसारखी, एका ओळीत एक रात्र, एसी किती, ह्युमिडिटी किती, नळी ओली की कोरडी, लीक (मास्कमधून गळणारी हवा, मशीन तो आकडा दाखवतं) किती, नाक कसं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान तीन रात्री तशीच ठेवायची. हे फार महत्त्वाचं आहे, मी आधी एकाच रात्री तीन गोष्टी बदलायचे आणि बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळायचं नाही.

पहिलं, मशीन खाली घेतलं. ते कपाटाच्या कप्प्यात उशीपेक्षा वर होतं, तिथून नळी खाली माझ्या तोंडाकडे यायची, म्हणजे साठलेलं पाणी माझ्याकडेच. आता पलंगाच्या बाजूला बुटक्या स्टुलावर आहे, गादीपेक्षा वीतभर खाली, त्यामुळे थोडंफार पाणी झालं तरी ते टाकीकडे परत जातं. नुसत्या याने नाकात थेंब पडणं निम्म्यावर आलं. जमिनीवर ठेवू नका मात्र, धूळ ओढतं आणि रात्री पाय लागतो.

दुसरं, एसीचा झोत. रात्री कागदाची पट्टी नळीपाशी धरून बघितली तर ती फडफडत होती, म्हणजे झोत नेमका नळीवर. एसीचे पंख वर केले, तापमान २५ केलं. नळी पलंगाच्या मागून घेतली आणि डोक्याकडचा भाग पांघरुणाच्या आतून. मुलीचं लहानपणीचं फ्लॅनेलचं पांघरूण होतं, त्याच्या पट्ट्या कापून शिलाई मशीनवर नळीभर लांब पिशवी शिवली, ती नळीवर चढवली, एका बाजूने नाडी. बाजारात तयार कव्हर मिळतात पण याने तेच काम होतं, आणि धुता येतं. एक सांगते, कव्हर नळीलाच घाला, मशीनवर काही पांघरू नका आणि मास्कची बारीक भोकं झाकू नका, त्यातूनच आपण सोडलेली हवा बाहेर जाते.

तिसरं, ह्युमिडिटी ८ वरून रोज नाही, तीन-तीन रात्रींनी एकेक उतरवत ३ वर आणली. नळी जवळजवळ कोरडी झाली! मला एवढा आनंद झाला की काय सांगू. आणि चार दिवसांत नाक इतकं सुकलं की सकाळी शिंकरलं तर रक्ताचा तांबूस डाग.

इथेच बहुतेक लोक परत ह्युमिडिटी वाढवतात आणि परत नळीत पाणी आणि परत कमी करतात, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. माझंही तेच होतं. वहीमुळे मात्र एक गोष्ट दिसली, ज्या सकाळी नाक जास्त सुकलेलं त्या रात्रीचा लीक जास्त. माझ्या मशीनवर २४ लिटर प्रति मिनिटच्या वर गेला की लीक वाईट धरतात, आणि माझा त्या रात्रींना ४०-४५. मास्क तर नाकावर घट्ट बसलेला, गळतंय कुठून? ह्यांना पहाटे बघायला सांगितलं. म्हणाले, तुझं तोंड उघडं असतं आणि तोंडातून फस्स हवा येत असते.

तोंडावाटे लीक. नाकातून हवा आत जाते आणि श्वास परत नाकाने सोडण्याऐवजी ती तोंडातून बाहेर. एरवी आपण नाकाने सोडलेला ओला श्वास नाकाला परत ओलावा देतो, तो मिळणंच बंद, आणि रात्रभर एकाच दिशेने वारा, मग नाकाचं आतलं अस्तर सुकतं, सुजतं, नाक आणखी चोंदतं, तोंड आणखी उघडतं. यात ह्युमिडिफायर कितीही पाणी घालो, ते पुरं पडत नाही. म्हणजे नाक कोरडं आणि नळीत पाणी हे दोन उलटे त्रास नव्हतेच, पहिल्याने दुसरा ओढवून घेतला होता. लीकमुळे नाक सुकत होतं, नाक सुकतं म्हणून मी पाणी वाढवत होते, आणि पाणी वाढवलं म्हणून नळी भरत होती. तुमच्याकडे दर पावसाळ्यात परत परत हेच होत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, ह्युमिडिटीच्या आकड्याकडे जायच्या आधी सकाळी लीकचा आकडा बघा.

तोंड का उघडतं? माझ्या बाबतीत पावसाळ्यात नाक चोंदतं म्हणून. बुरशी, ओलसर भिंती, न वाळलेले कपडे खोलीतच दोरीवर. कपडे खोलीतून काढले, गादीमागची भिंत पुसून घेतली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, रात्री नाकात मारायचा स्प्रे दिला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, ते पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात अजिबात घालायचं नाही. यामुळे पंधरा दिवसांत फरक पडला पण तोंड पूर्ण मिटेना. हनुवटीला बांधायचा पट्टा आणून बघितला, मला जमला नाही, जबडा दुखायचा, काहींना मस्त जमतो. तोंडाला टेप लावायचं कोणीतरी सुचवलं, ते मी केलं नाही, नाक चोंदलेलं असताना तोंड चिकटवणं मला धोक्याचं वाटतं. शेवटी डॉक्टरांना विचारून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला. लीक पहिल्याच आठवड्यात १५ च्या आत आला, आणि त्यानंतर ह्युमिडिटी २ वर ठेवूनही नाक सुकलं नाही.

मोठ्या मास्कची स्वतःची एक अडचण आहे, ती बायकांना जास्त येते. केस. मी रात्री खोबरेल तेल लावून वेणी घालून झोपणारी. मागचा पट्टा तेलावरून हळूहळू वर सरकतो, मग मास्क नाकाच्या वरच्या बाजूला सैल पडतो आणि डोळ्यात वारा. मी काय करायचे, पट्टा आणखी आवळायचे, आणि सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. आवळून लीक थांबत नाही, उशी वाकडी होते, मास्कची ती मऊ सिलिकॉनची कड असते ना तिला उशी म्हणतात, ती हवेने फुगून चेहऱ्याला टेकायला हवी, दाबून बसायला नको. आता तेल रविवारी सकाळी लावते आणि दुपारी डोकं धुते. आंबाडा नाही, वेणी खाली मानेवर, पट्टा वेणीच्या वरून नाही तर वेणीखालून. आणि पट्टे उभं राहून आरशासमोर नाही लावायचे, आडवं पडून, मशीन चालू करून, हवा येत असताना जुळवायचे, कारण आडवं पडल्यावर गालांचा आकार बदलतो. झोपायच्या आधी तोंड साबणाने धुवायचं, रात्रीचं क्रीम मास्क टेकतो तिथे लावायचं नाही, आणि मास्कची उशी रोज सकाळी पुसायची नाहीतर चेहऱ्याच्या तेलाने ती लवकर निबर होते. चुंबकाच्या क्लिपा असलेले मास्क लावायला सोपे असतात पण घरात कोणाला पेसमेकर असेल, म्हणजे तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला, तर ते घेऊ नका.

तिसऱ्या पावसाळ्यात गरम होणारी नळी घेतली. तिच्यात बारीक तार असते, नळी आतून एकसारखी ऊबदार राहते म्हणून वाफेचं पाणी होत नाही. माझ्या मशीनवर ती १६ ते ३० अंशापर्यंत लावता येते, मी २७ ठेवते. रेनआउटवर हा सगळ्यात पक्का उपाय आहे हे खरं, पण पैसे जातात, आणि प्रत्येक मशीनला तिची स्वतःचीच नळी लागते, दुसरी बसत नाही, तेव्हा मॉडेल नंबर बघूनच मागवा. माझं मत विचाराल तर आधी मशीन खाली ठेवणं, झोत, कव्हर आणि लीक हे बघा, एवढ्यानेच कित्येकांचं भागेल. आणि जे एसी न लावता नुसत्या पंख्याखाली झोपतात त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तीन रात्री ह्युमिडिफायर पूर्ण बंद करून बघा, टाकी रिकामी ठेवून. आपल्याकडच्या हवेत पुष्कळांना त्याची गरजच पडत नाही.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट करंट. झाड पडलं की रात्री दोनला लाईट जाते ती सकाळीच येते. मला पहिल्यांदा भीती वाटायची की मास्क तोंडावर असताना मशीन बंद पडलं तर गुदमरेन. तसं होत नाही, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. तरी मास्क काढून कुशीवर झोपायचं, पाठीवर नाही, पाठीवर झोपलं की जीभ मागे पडून श्वास जास्त अडतो. इन्व्हर्टर असेल तर एक लक्षात ठेवा, मशीनची मोटर कमी वीज खाते, सगळ्यात जास्त खातात ते पाणी तापवणारं आणि गरम नळी. लाईट गेली की मी ती दोन्ही बंद करते आणि नुसत्या हवेवर झोपते, बॅटरी सकाळपर्यंत पुरते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, साध्या स्क्वेअर वेव्हवर आमचा अडॅप्टर तापून गुणगुण करायचा.

धुणं-वाळवणं. उन्हाळ्यात नळी धुऊन टांगली की दोन तासांत कोरडी, पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत ओली आणि मग कुबट वास. आता मी शनिवारी सकाळी साध्या सौम्य साबणाने धुते, झटकते, पंख्याखाली टांगते, आणि दुपारी ती मशीनला जोडून टाकी काढून ठेवून पंधरा-वीस मिनिटं नुसती हवा सोडते, आतून खडखडीत वाळते. टाकीतलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं, कालच्यात आज भर घालायची नाही. पाणी डिस्टिल्डच. बॅटरीचं पाणी म्हणून जे गॅरेजमध्ये मिळतं ते मी वापरत नाही, ते श्वासात जायच्या वापरासाठी दिलेलं नाही. विहिरीचं पाणी उकळून घातलं तर जंतू मरतात पण तळाला पांढरा थर बसतोच. मागचा फिल्टर पावसाळ्यात दमट होऊन लवकर काळा पडतो, पातळ कागदी असतो तो धुवायचा नाही, बदलायचा, मी या चार महिन्यांत दर महिन्याला बदलते.

चवथीचं सांगायलाच हवं. सासरचं मूळ घर सत्तरीत, दीड दिवसाचा गणपती, सगळे कुटुंबीय एका माळघरात झोपणार, गाद्या जमिनीवर. पहिल्या वर्षी मी मशीन नेलंच नाही, लाज वाटली. रात्रभर घोरले, दुसऱ्या दिवशी आरतीला उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्या वर्षी नेलं, सासूबाईंच्या जाऊबाई शेजारी झोपल्या होत्या, त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "गो बाय, हें कितें गो तोंडार?" मी सगळं समजावून सांगितलं, श्वास कसा थांबतो, रक्तातला ऑक्सिजन कसा कमी होतो, तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांचे हेही झोपेत असेच थांबायचे आणि मग एकदम दचकून घोरायचे. पुढच्याच महिन्यात त्यांनी मुलाला आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यालाही ॲप्निया निघाला. त्या रात्रीपासून मला मास्क लावून कोणासमोर झोपायची लाज वाटत नाही.

पण त्याच चवथीत एक नुकसानही झालं. सकाळी गादी आवरताना भाच्याने मशीन टाकीसकट उचलून कपाटावर ठेवलं, कलंडलं, आणि टाकीतलं पाणी आत. त्यानंतर त्याने चालू केल्यावर घरघर आवाज आणि जळका वास, ते दुरुस्तीला आठ दिवस. चूक त्याची नाही, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. मशीन हलवायच्या आधी टाकी बाहेर काढायची, दोन पावलं न्यायचं असलं तरी, हे आता मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय. विमानाने जाताना ते हातातल्या सामानात न्या, आणि टाकी रिकामी. आणि जमिनीवर झोपायची वेळ आली तर मशीन आणि गादी एकाच पातळीवर येतात, तेव्हा दोन उशा घालून डोकं आणि नळी थोडी वर घ्या, आणि टाकीत पाणी न घालता चालवा. फटाक्यांचा धूर आणि धूप असेल त्या रात्रीनंतर फिल्टर बघायला विसरू नका.

एवढं सगळं आपण घरी करू शकतो, पण प्रेशरला, म्हणजे मशीन किती दाबाने हवा देतं त्याला, हात लावायचा नाही. ते डॉक्टरांचं काम. लीक कमी असूनही सकाळी एएचआय सतत ५ च्या वर दिसत असेल, कान दुखत असेल, पोटात हवा भरून फुगत असेल, नाकातून रक्त थांबत नसेल, किंवा मशीन नियमित लावूनही दिवसा झोप येत असेल तर फोन करा, आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. जाताना मशीनचं नोंदी साठवणारं कार्ड आणि वही दोन्ही न्या. माझ्या डॉक्टरांनी वही बघून पाच मिनिटांत जे सांगितलं ते आधीच्या तीन भेटींत तोंडी सांगून कळलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एकांच्या प्रेशरची खालची मर्यादा फक्त ४ होती, त्यांना त्यात हवाच पुरत नसल्यासारखं वाटायचं आणि झोपेत मास्क काढून टाकायचे, ती डॉक्टरांनी ६ केली आणि प्रश्न सुटला, म्हणजे मास्क काढून टाकण्याचं कारण दरवेळी पाणीच असेल असं नाही, भलतंच असू शकतं.

मला हे उपकरण फार मोलाचं वाटतं, म्हणून एवढं लिहिलं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराचा पाच रुग्णांवरचा पहिला अहवाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिला तोपर्यंत गंभीर ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणं. ते वाचल्यापासून नळी झटकायला उठावं लागलं तरी मला राग येत नाही.

आता ऑगस्ट आहे, बाहेर सकाळपासून धो धो लागलाय. वहीतली आजची ओळ: एसी २५, नळी २७, ह्युमिडिटी २, लीक ९, एएचआय १.८, सात तास पाच मिनिटं, एकदाही उठले नाही, नळी कोरडी. चवथीनंतर ऊन पडायला लागलं आणि पुढे डिसेंबरात पहाटेचा गारवा आला की ह्युमिडिटी परत ४ वर न्यावी लागेल, तेव्हाही तीन-तीन रात्रींनी एकेकच.